एडमंटनचे डॉक्टर आणि कच्चं लिंबू

फ्रेंडली आर्म नावाची एक सराय आहे. नाव मैत्रीचं, तटबंदी भक्कम, आत शिरलं की रात्रीच्या मुक्कामाची सोय. पण सरायीच्या पायऱ्यांवर एक मांत्रिक उभा असतो. तो गोड बोलून आपली विचारपूस करतो आणि तो शोधतोय ते आपणच अशी खात्री पटली की मंत्र म्हणायला लागतो. आधी स्वतःभोवती स्वतःच्याच छाया उभ्या करतो, मग भीतीचा मंत्र टाकतो. आपले सोबती भेदरून अंगणात सैरावैरा धावत सुटतात, उरल्यासुरल्यांचे वार छायांवर वाया जातात आणि दोन-तीन जादूई बाणांत आपण गार. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या ‘बॉल्डर्स गेट’ या संगणकीय खेळात हे सगळं अगदी सुरुवातीलाच घडतं. पाच सीडींचा तो संच मी मित्राकडून आठवडाभरासाठी आणला होता. आठवडा त्या पायऱ्यांवरच गेला.

हा मांत्रिक ज्यांनी तिथे उभा केला ते पेशाने डॉक्टर होते.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरणारं हे शहर. तिथल्या विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेले रे मुझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप यांनी १९९५ मध्ये बायोवेअर ही कंपनी काढली. त्याआधी त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्यातलं एक पोटाच्या विकारांच्या रुग्णाचं निदान शिकवणारं होतं. तिघांनाही खेळांचं वेड. पहिला खेळ ‘शॅटर्ड स्टील’ १९९६ मध्ये आला, अवजड यंत्रमानवांच्या मारामारीचा. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. यिप लवकरच दवाखान्यात परतले. मुझिका आणि झेशुक राहिले, आणि ज्या प्रश्नाने पुढे या संस्थेचा पिच्छा पुरवला तो पहिल्यांदा उभा राहिला ‘बॉल्डर्स गेट’पाशी. गोष्टीसाठी आलेल्या माणसाने लढाई किती शिकावी, हा तो प्रश्न.

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, मुळात टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ मध्ये निघाला. चार-सहा जण एकेका पात्राची भूमिका घेतात, एक जण सूत्रधार होतो, गोष्ट पुढे सरकते ती बोलण्यातून आणि वीस बाजूंच्या फाशातून. संगणकावर तो आणायचा हक्क इंटरप्ले या प्रकाशकाकडे होता. बायोवेअरने त्यांच्यासाठी तो खेळ त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांसकट संगणकात उतरवला, आणि ‘सकट’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. त्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं. उघड्या अंगाला दहा, लोखंडी पत्र्यांना तीन, आणि त्याहून भारी असेल तर शून्याच्या खाली. आपला वार लागायला फाशावर किती हवेत ते काढायचं, तर ‘थॅको’ नावाच्या आकड्यातून समोरच्याच्या चिलखताचा आकडा वजा करायचा. थॅको वीस, चिलखत पाच, म्हणजे पंधरा किंवा वर. चिलखत उणे दोन असेल तर? वजाबाकीत उणे आला की शाळेतली भीती परत येते.

हे गणित संगणक करायचा, खेळणाऱ्याला करावं लागायचं नाही. पण ते पडद्यावर उघडं पडलेलं असे, आणि ते कळल्याशिवाय आपण का मेलो हे कळत नसे. त्यावर आणखी एक गुंतागुंत होती. ‘वॉरक्राफ्ट’, ‘कमांड अँड कॉन्कर’ असे सलग धावणाऱ्या वेळेतले युद्धखेळ त्या वर्षांत जोरात होते. पाळीपाळीने खेळायची जुनी पद्धत मागासलेली वाटू लागली होती. बायोवेअरने मधला रस्ता काढला. सगळे एकाच वेळी लढतात, प्रत्येकाची सहा सेकंदांची फेरी आपापली चालू असते, आणि खेळणाऱ्याने स्पेसबार दाबला की जग जागच्या जागी थांबतं. टोळीतल्या सहाही जणांना हुकूम द्यायचे, परत स्पेसबार. ज्याला ही युक्ती उमगली त्याला ती फार आवडली. नवख्याला मात्र थांबायचं कधी हेच कळत नसे, आणि कळेपर्यंत मांत्रिकाचं काम झालेलं असे.

बायोवेअरच्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. शत्रू दिसताच किंवा सोबती घायाळ होताच खेळ आपोआप थांबावा, अशी सोय त्यांनी ठेवली होती. सोपं-अवघड करायची पट्टीही दिली होती. सोबत्यांना वागण्याच्या तयार संहिता जोडता येत. पण टेबलावरची एक गोष्ट संगणकात आलीच नाही. प्रमुख रचनाकार जेम्स ओहलेन हा स्वतः वर्षानुवर्षं टेबलावर सूत्रधार म्हणून बसलेला माणूस, त्याला तरी ती नक्की ठाऊक असणार. टेबलावरचा सूत्रधार माणूस असतो. पहिल्यांदा खेळायला आलेली कुणाची धाकटी बहीण पाचव्या मिनिटाला मरतेय असं दिसलं, की तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे पडलेला फासा गुपचूप उलटवतो. बाकीच्यांना कळतं, कुणी बोलत नाही.

आपल्याकडे याला नाव आहे. डबा ऐसपैस असो की साखळी, गल्लीतलं सगळ्यात लहान पोर रडायला लागलं की त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात. ते धावतं, ओरडतं, लपतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. कुठे कुठे त्याला लिंबूटिंबू म्हणतात. खेळाचे नियम त्याच्यासाठी बदलत नाहीत. बाकीचे पूर्ण ताकदीने खेळतात, त्याला फक्त माफी असते. संगणकाला ही माफी द्यायला शिकवणं म्हणजेच फावल्या वेळच्या खेळाडूसाठी लढाई सोपी करणं. बायोवेअरची पुढची पंचवीसेक वर्षं मी याच नजरेने पाहतो.

सप्टेंबर २००० मध्ये ‘बॉल्डर्स गेट’चा दुसरा भाग आला आणि गुंतागुंत कळसाला पोचली. त्यातलं मांत्रिकांचं द्वंद्व म्हणजे कांदा सोलणं. समोरच्याने अंगावर संरक्षणाचे पाच पापुद्रे चढवलेले, प्रत्येक पापुद्रा काढायचा मंत्र वेगळा, आणि क्रम चुकला की फुकट. जाणकारांच्या मते संस्थेचं हे शिखर. मलाही ते मान्य आहे, फक्त तो खेळ मी कुणा नवख्याच्या हाती देणार नाही.

मग वळण आलं. जून २००२ मधल्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती होती. तिने थॅको मोडीत काढून साधी बेरीज आणली होती, आकडा मोठा तर चांगला. सहा जणांची फौज जाऊन एक नायक आणि एक भाडोत्री सोबती उरला. पात्राची पायरी वाढली की कुठलं कौशल्य घ्यायचं हे ज्याला ठरवायचं नाही त्याच्यासाठी ‘शिफारस’ असं एक बटण ठेवलं होतं. हे बटण मला फार मोलाचं वाटतं. निवडीची पूर्ण यादी समोर असते. ज्याला वाचायची त्याने वाचावी, बाकीच्यांनी बटण दाबून पुढे जावं.

त्यापुढची पायरी जुलै २००३ ची. ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ हा खेळ एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आला. म्हणजे आता खेळणारा टेबलाशी नाही, दिवाणखान्यात सोफ्यावर. हातात कीबोर्ड-माऊस नाही, कंट्रोलर. पडद्यावर दोन प्रकाशखड्ग एकमेकांवर आदळतात, ठिणग्या उडतात, योद्धा गिरकी घेऊन वार चुकवतो. पाहणाऱ्याला वाटतं, सिनेमा चालू आहे. प्रत्यक्षात प्रत्येक वारामागे वीस बाजूंचा फासा पडतोय, बेरीज होतेय, आणि आकडा कमी भरला म्हणून तो योद्धा गिरकी घेतोय. फासे विंगेत गेले होते. ज्याला पाहायचे त्याला एका वेगळ्या पानावर सगळ्या बेरजा वाचता येत. सोबती दोनच, हुकमांची रांग लावता येते, लढाई सुरू होताच खेळ आपोआप थांबतो. दिग्दर्शक केसी हडसन. पुढच्या वर्षी गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याची निवड झाली.

माझ्या मते बायोवेअरला हवं ते उत्तर इथेच सापडलं होतं. हिशेब शाबूत ठेवायचा, नवख्याच्या डोळ्यांवरून बाजूला सारायचा, आणि मागेल त्याला दाखवायचा. संस्था तिथे फार काळ थांबली नाही.

एप्रिल २००५ मधल्या ‘जेड एम्पायर’मध्ये फासेच नाहीसे झाले. प्राचीन चीनच्या धर्तीवरचं काल्पनिक राज्य, हातापायांची मारामारी, बटण दाबलं की ठोसा. पात्राचे गुण उरले तीन : शरीर, आत्मा आणि मन. सोबती एकच, आणि तोही लढायला नको असेल तर त्याला बाजूला ध्यानाला बसवायचं, तो तिथून नायकाला बळ पुरवतो. गमतीदार कल्पना होती, खेळ देखणा होता. त्याच वर्षाअखेर एका गुंतवणूक कंपनीने बायोवेअरला पॅन्डेमिक या दुसऱ्या स्टुडिओशी जोडलं, आणि जानेवारी २००८ मध्ये दोन्ही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीच्या मालकीचे झाले. तिथून पुढे ‘जास्तीत जास्त लोकांना झेपेल असा खेळ’ हा आर्थिक प्रश्नही झाला.

विक्रीच्या दोन महिने आधी, नोव्हेंबर २००७ मध्ये, ‘मास इफेक्ट’ बाहेर पडला होता. अंतराळातली गोष्ट, कमांडर शेपर्ड नावाचा नायक किंवा नायिका, हातात बंदूक. इथे लढाई म्हणजे नेमबाजी, पण बायोवेअरने तिच्यात जुने आकडे सोडले होते. पिस्तुलाचं कौशल्य वाढवलेलं नसेल तर नेम बरोबर लावूनही गोळी भलतीकडे जाई. गोष्ट सांगते की हा माणूस निवडक सैनिकांतला निवडक, आणि त्याला दहा पावलांवरचा शत्रू टिपता येत नाही. सामानाची यादी तर वाण्याच्या गोदामासारखी. दीडशे वस्तू भरल्या की पुढच्या आपोआप वितळवल्या जात. जानेवारी २०१० मधल्या दुसऱ्या भागाने ही यादी पार काढून टाकली, कौशल्यांचं झाड छाटलं, नेम खेळणाऱ्याच्या हातावर सोपवला. जुने लोक कुरकुरले. मी त्यांच्या बाजूने नाही. फासा आणि हात दोघांनी एकच बंदूक धरली तर ती नीट चालत नाही. बायोवेअरने २०२१ मध्ये मालिकेचे तिन्ही भाग नव्याने काढले तेव्हा पहिल्या भागातली ती खोडही दुरुस्त केली.

काठिण्याच्या यादीतल्या सर्वांत खालच्या पायरीचं नाव ‘मास इफेक्ट’मध्ये सरळसरळ ‘कॅज्युअल’ असं होतं. माझी धाकटी बहीण या पायरीवर तिन्ही भाग खेळली. तिला बंदुकीत रस नव्हता. जहाजावरच्या प्रत्येक सोबत्याशी दर मोहिमेनंतर जाऊन गप्पा मारण्यात होता. लढाई म्हणजे तिच्या लेखी मालिकेतल्या जाहिराती. मी तिला चिडवायचो. पण गोष्टीतला कोण कुठल्या निर्णयामुळे मेला आणि कोण वाचला हे तिला माझ्याहून जास्त पाठ होतं.

दुसऱ्या बाजूला, नोव्हेंबर २००९ मध्ये, ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ आला होता. तलवारी, मांत्रिक, चार जणांची टोळी, संगणकावर वरून रणांगण पाहायची सोय. जुन्या ‘बॉल्डर्स गेट’ची ही आठवण होती, आणि सोपेपणाचा त्यात केलेला विचार मला सगळ्यांत परिपक्व वाटतो. सोबती पडला तर देवळात नेऊन सोनं मोजून जिवंत करायची गरज नाही. लढाई संपताच तो उठतो, अंगावर एखादी जखम घेऊन. सोप्या पायरीवर आपल्याच मांत्रिकाची आग आपल्या माणसांना भाजत नाही. आणि मुख्य म्हणजे डावपेचांचा तक्ता. प्रत्येक सोबत्यासाठी ओळीने अटी लिहायच्या : स्वतःचं बळ निम्म्याखाली गेलं तर औषध घे, शत्रूंत मांत्रिक दिसला तर आधी त्याला गाठ, नायकावर कुणी चालून आलं तर त्याला तुझ्याकडे ओढ. ज्याला वेळ नाही त्याने तयार तक्ता निवडावा. ज्याला हौस आहे त्याने रात्री जागून स्वतः लिहावा, आणि सकाळी पाहावं की आपले तिघं आपल्याशिवाय लढाई जिंकतात. घरातल्या शहाण्या मोलकरणीला ‘काय करायचं’ हे एकदा सांगून बाहेर पडावं, तसं.

मग आली घाई. ‘ड्रॅगन एज’चा दुसरा भाग मार्च २०११ मध्ये आला, पहिल्यानंतर सोळा महिन्यांत. लढाई झपाट्याची करायची हा त्याचा उघड बाणा होता. वरून पाहायची सोय गेली. योद्धे माकडासारखे उड्या मारू लागले. कन्सोलवर तर आरंभी एकेका वारासाठी बटण दाबत राहावं लागे. आपोआप वार करायची सोय नंतरच्या दुरुस्तीत आली. त्याच त्या गुहा परत परत. पण खरी चूक माझ्या मते वेगळीच होती. शत्रू संपले असं वाटताच दुसरी तुकडी छपरावरून टपके, कधी थेट आपल्या मांत्रिकाच्या पाठीशी. म्हणजे आधी केलेली मांडणी फुकट. लढाई सोपी झाली ती विचार करण्यात काही अर्थ उरला नाही म्हणून. नवख्याला त्यातून मिळालं काय? तो पूर्वी मरायचा तेव्हा का मेलो हे त्याला कळत नसे. आता जिंकायचा, पण का जिंकलो हेही कळत नसे.

याच सुमाराचा एक प्रसंग मात्र संस्थेच्या इतिहासातला लाजिरवाणा आहे, आणि लाज संस्थेला नाही, खेळणाऱ्यांना वाटायला हवी. बायोवेअरमध्ये जेनिफर हेपलर नावाच्या लेखिका होत्या. २००६ मधल्या एका मुलाखतीत त्यांनी म्हटलं होतं की खेळांत संवाद बटण दाबून ओलांडता येतात, तशाच लढायाही ओलांडता याव्यात, म्हणजे गोष्टीसाठी येणाऱ्याची सोय होईल. फेब्रुवारी २०१२ मध्ये कुणीतरी ही जुनी मुलाखत उकरून काढली, तिच्यात हेपलर यांनी न लिहिलेला मजकूर मिसळला, आणि शिव्या, धमक्यांचा पाऊस पडला. बायोवेअर त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. युक्तिवाद म्हणून पाहिलं तर त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. कच्च्या लिंबाला माफी दिल्याने पट्टीच्या खेळाडूवरचं राज्य काही टळत नाही.

पुढच्याच महिन्यात ‘मास इफेक्ट’चा तिसरा भाग आला. त्यात पहिल्याच पडद्यावर तीन वाटा होत्या. गोष्टीच्या वाटेवर संवाद सगळे आपल्या हातात, लढाया अगदी हलक्या. मारधाडीच्या वाटेवर उलट, लढाई पूर्ण आणि संवाद आपोआप चालणार. तिसरी वाट दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी. ज्यांनी लढाई टाळणाऱ्या बाईवर दगड फेकले, त्यांच्यासाठी बोलणं टाळायची सोय त्याच पडद्यावर होती.

सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही संस्थापकांनी निवृत्ती जाहीर केली. झेशुक पुढे बिअर बनवण्याच्या धंद्यात रमले.

त्यानंतरचा प्रवास भरभर सांगता येईल. २०१४ च्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ने वरून पाहायची सोय परत आणली, पण जमिनीला चिकटून, झाडाच्या फांद्यांत अडकणारी. डावपेचांचा तक्ता आक्रसून चार खुणा-टिकांवर आला. तरी जग एवढं मोठं आणि माणसं एवढी जिवंत की त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट खेळ तोच ठरला. २०१७ च्या ‘मास इफेक्ट : अँड्रोमीडा’त लढाई थांबवून सोबत्यांना हुकूम द्यायची जुनी सोय काढली. सोबती बव्हंशी आपल्या मनानेच लढतात. २०१९ चा ‘अँथम’ म्हणजे चौघांनी मिळून ऑनलाइन खेळायची नेमबाजी, बायोवेअरच्या स्वभावाला न मानवलेली. तो लोकांनी नाकारला.

‘ड्रॅगन एज’चा चौथा भाग आधी बहुखेळाडू म्हणून घडत होता. मग तो विचार सोडून एकट्याने खेळायचा केला, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला ‘द व्हेलगार्ड’ या नावाने आला. सोबती दोन, प्रत्येकाला तीन कौशल्यं, आणि त्यांच्या अंगात शिरून खेळता येत नाही. त्यांना प्राणांचा आकडाच नाही. म्हणजे ते मरू शकत नाहीत. तीस वर्षांत फिरून फिरून असं झालं की कच्चं लिंबू खेळणारा उरला नाही, सोबतीच कच्चे लिंबू झाले. खेळणाऱ्यासाठी मात्र या खेळात सोयींची अशी बारीक यादी आहे की कौतुक करावं. कथाकार नावाची सर्वांत हलकी पायरी आहे. त्याशिवाय वार चुकवायला मिळणारा क्षण लांबवा, शत्रूंचं बळ घटवा, नेमाला मदत घ्या, मरणच बंद करा, प्रत्येक पट्टी वेगळी. माफी इतकी उदार बायोवेअरने कधी दिली नव्हती. फक्त ज्यातून माफी मागावी असा डाव उरला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये मालक कंपनीने सांगितलं की त्या तिमाहीत पंधरा लाख लोकांनी हा खेळ खेळला, अपेक्षेच्या जवळजवळ निम्मे. त्यानंतर एडमंटनची माणसं बरीच पांगली. काही मालक कंपनीच्या दुसऱ्या स्टुडिओंत गेली, काहींची नोकरी गेली.

या साऱ्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, ‘बॉल्डर्स गेट’चा तिसरा भाग आला होता. तो बायोवेअरचा नव्हता. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन या स्टुडिओने तो केला, आणि लढाई केली पाळीपाळीने, जी पद्धत १९९८ मध्ये मागासलेली ठरली होती. कुठलीही घाई नाही. वार करण्याआधी तो लागायची शक्यता शंभरात किती, हे शत्रूच्या डोक्यावर लिहून येतं. बोलण्यातल्या कसोटीला तर वीस बाजूंचा फासा पडद्याच्या मधोमध येऊन गडगडतो. विंगेत गेलेले फासे रंगमंचावर परत आले, तेही टाळ्या घेत. नियमांचं ओझं बायोवेअरच्या कुठल्याही अलीकडच्या खेळाहून जास्त, आणि तरी ज्यांनी आयुष्यात आरपीजीला हात लावला नव्हता असे लोक तो खेळले. त्या डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळही तोच ठरला.

नवखा माणूस संथपणाला कंटाळतो, असं एडमंटनने वीस वर्षं धरून ठेवलं होतं. माझी बहीण तेव्हाही सांगत होती, कंटाळा येत नाही, काय चाललंय ते कळत नाही. तिला वेग नको होता. हा वार का चुकला आणि पुढचा लागायला काय करायचं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

एडमंटनमध्येच बीमडॉग नावाचा एक छोटा स्टुडिओ आहे. बायोवेअरच्या पहिल्या फळीतल्या ट्रेंट ऑस्टर आणि कॅमेरॉन टोफर यांनी तो काढला. त्यांनी २०१२ पासून जुने ‘बॉल्डर्स गेट’ डागडुजी करून परत बाजारात आणले, आणि २०१६ मध्ये त्यात ‘स्टोरी मोड’ नावाची एक पायरी घातली. थॅको तसाच, उणे चिलखतं तशीच, सहा सेकंदांची फेरी तशीच. आपली माणसं मात्र मरत नाहीत. फ्रेंडली आर्मच्या पायऱ्यांवर तो मांत्रिक अजून उभा आहे, छाया उभ्या करतो, भीतीचा मंत्र टाकतो, बाण सोडतो. आपण उभे राहतो आणि तो पडेपर्यंत मारत राहतो. पंचवीस वर्षांपूर्वी मला एवढीच सवलत मिळाली असती तर तो आठवडा सरायीच्या आत गेला असता.

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही आणि हे वाचून हात शिवशिवताहेत, त्यांनी ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’पासून सुरुवात करावी. तो आता फोनवरही चालतो. सोपी पायरी निवडा, पात्राची पायरी वाढली की निवड खुशाल खेळावर सोपवा. आणि पहिली लढाई संपली की बेरजांचं ते पान एकदा उघडून बघा.